पाचवी मुलगी

“हात हलवू नकोस गं बाई, नाहीतर पट्टी एकीकडं आणि जखम दुसरीकडं व्हायची,” मावशी म्हणाल्या.

हात हलत नव्हता. पट्टीच चिकटत नव्हती. उकाडा असा होता की ड्रेसिंग रूमच्या भिंतींनासुद्धा घाम फुटावा. भाजलेला हात टेबलावर ठेवून ती समोरच्या स्टुलावर बसली होती. लाँड्रीतल्या वाफेच्या प्रेसनं मनगटापासून कोपरापर्यंत चटका दिला होता आणि फोड फुटून गेले होते. मावशींनी जखम धुतली, मलम लावलं, जाळीचं कापड ठेवलं, वर बँडेज गुंडाळलं आणि बँडेजचं टोक धरून ठेवायला चिकटपट्टीचा तुकडा फाडला. तो सुटला. दुसरा फाडला, तोही सुटला.

“पाच हातांवरून फिरून आल्यासारखी वागतेय,” ती म्हणाली.

मावशी खळखळून हसल्या. हा विनोद दवाखान्यात कुणाला कळला नसता, पण चर्चमधल्या कुठल्याही मुलीला कळला असता. ड्रेसिंग रूममध्ये माणसांना नावं नसतात. तिथं कामानं हाक मारतात, नाहीतर जखमेनं. ही मात्र मावशींच्या ओळखीची होती. चर्चमध्ये आघाडीला गाणाऱ्या बाईंची मुलगी, तिशी ओलांडलेली, लग्न न केलेली, लाँड्रीत इस्त्रीवर काम करणारी. दवाखान्यातल्या कागदावर वॉर्डबॉयनं ‘इस्त्रीवाली’ एवढंच लिहिलं होतं.

आणि मावशींना चर्चमधल्या मुली पाठीमागं ‘पट्टीवाली मावशी’ म्हणत. मावशींना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. गेली अठरा वर्षं त्या चर्चमध्ये मुलींचा पवित्रता वर्ग घेत होत्या. वर्षातून दोनदा, शनिवारी दुपारी. शाळा संपलेल्या, लग्न न झालेल्या सगळ्या मुलींनी यायचं असा नियम होता. दवाखान्यात नर्स म्हणून मावशी कुणाचीही भीड ठेवत नसत. सत्तरीच्या आजोबांनाही ‘लघवीला जळजळतं का?’ हे दार उघडं ठेवून विचारत. पण चर्चच्या पायऱ्या चढल्या की त्यांच्या बोलण्यात ‘ती गोष्ट’, ‘तसलं काही’ आणि ‘पाऊल घसरणं’ एवढेच शब्द उरत. म्हणून तर त्यांनी पट्टी शोधून काढली होती. बोलायला नको, करूनच दाखवायचं.

वॉर्डातली चिकटपट्टी घेऊन जायची. एक तुकडा फाडायचा, पहिल्या मुलीच्या हातावर दाबायचा. घट्ट चिकटतो. ओढून काढायचा, दुसरीच्या हातावर लावायचा. जरा कमी चिकटतो. मग तिसरी, मग चौथी. एकीचे केस, दुसरीची पावडर, तिसरीचा घाम घेऊन तो तुकडा पाचव्या मुलीच्या हातापर्यंत येईतो खाली पडतो. मग मावशी म्हणत, “बघा मुलींनो. ज्याच्यासाठी होती त्याच्याशी आता ती कधी चिकटेल का?” मुली हसत आणि हसता हसता गप्प होत. एवढं साधं, एवढं चोख. दुसऱ्या दोन चर्चमधल्या बायकांनीही ते त्यांच्याकडून उचललं होतं.

“मावशी, तो पट्टीचा खेळ अजून करता तुम्ही?” तिनं विचारलं.

“खेळ काय म्हणतेस? मुली जन्मात विसरत नाहीत.”

“नाही विसरत,” ती म्हणाली. “मी पाचवी होते.”

“हो? मला मेलीला कुठलं आठवायला. किती वर्ग झाले.”

“बारा वर्षं झाली. एकोणीसची होते मी. माझ्या हातावर दाबलीत, पडली. परत दाबलीत, परत पडली. मग तुम्ही ती उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलीत. सगळ्या हसल्या. मीपण हसले.”

मावशींनी तिसरा तुकडा फाडला होता, तो बोटालाच चिकटून राहिला. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. लाँड्रीत कपडे मोजून घ्यावेत तसं ती एकेक सांगत होती.

“त्या दिवशी मी अर्धा तास आधी आले होते. तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं. तुम्ही खुर्च्या मांडत होता, म्हणालात, वर्ग झाल्यावर सांग.”

“काय सांगायचं होतं?”

“मामाचं.” तिनं बँडेजचं सुटलेलं टोक दुसऱ्या हातानं धरलं. “त्या वर्षी आमच्याकडं राहायला होता ना. आईची रात्रपाळी असली की. मी कडी लावायचे, तर त्यानं कडीच काढून टाकली. म्हटलं, मावशी नर्स आहेत, त्यांना अर्ध्या वाक्यात कळेल. मग वर्ग झाला, आणि आपण काय झालोय ते मलाच कळलं. मग सांगायचं काय राहिलं?”

मावशींनी आयुष्यात काय काय ऐकलं होतं. याच खोलीत, याच स्टुलावर. त्यांचे हात कधी थांबले नव्हते. आज थांबले.

“अगं, पण त्यात तुझी काय चूक? वर्ग त्याबद्दल नव्हता गं पोरी.”

“मग कशाबद्दल होता?”

“त्या... ज्या स्वतःहून जातात, त्यांच्याबद्दल.”

“पट्टीला कुठं कुणी विचारतं, तू स्वतःहून चिकटलीस का म्हणून?”

बाहेर कुणीतरी कण्हत होतं, रांगेतल्या एका बाईचं पोर रडत होतं. तिनं स्वतःच टेबलावरच्या चिंधीनं मनगटाचा घाम पुसला, मावशींच्या बोटाला चिकटलेला तुकडा सोडवून घेतला आणि बँडेजवर दाबला. या वेळी तो बसला.

“मामा वारला तेव्हा अंत्यविधीत गाणं तुम्हीच उचललं होतं,” उठताना ती म्हणाली. “छान म्हटलंत.” दारापर्यंत जाऊन वळली. “आई सांगत होती, या शनिवारी वर्ग आहे. या वेळी पाचवी कोण?”

“परवा सकाळी ड्रेसिंगला ये,” मावशी एवढंच म्हणू शकल्या.

“बघते,” म्हणून ती गेली.

त्यानंतर मावशींचा दिवस पार नासला. एका म्हाताऱ्याच्या धडधाकट पायाला त्यांनी पट्टी बांधायला घेतली, तो बिचारा म्हणाला, “सिस्टर, हा नव्हे, तो.” कंपाउंडरनं चहा आणून दिला तो गार होऊन गेला. डोक्यात एकच चाललं होतं: पाचव्या मुली. अठरा वर्षं, वर्षाला दोन, म्हणजे छत्तीस जणी. एकेकीचा चेहरा आठवायचा प्रयत्न करताना त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. पाचवी मुलगी त्या कधीच वाटेल ती घेत नसत. बडबडी मुलगी घेतली की ती काहीतरी टोमणा मारून सगळ्या वर्गाला हसवते आणि गांभीर्य जातं, हा अनुभव त्यांना पहिल्याच वर्षी आला होता. तेव्हापासून त्या नजरेनं हेरून ठेवत. कोपऱ्यात बसलेली, खाली बघणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी. जी उलट बोलणार नाही. दरवर्षी, अगदी नेमानं, त्यांनी तिलाच उठवलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांना आणखी एक आठवलं. तीनेक वर्षांपूर्वी गाणाऱ्या बाई रडत आल्या होत्या, ‘माझी पोरगी लग्नाला उभीच राहत नाही हो.’ तेव्हा मावशी त्यांच्या घरी गेल्या होत्या. मुलीला समोर बसवून, डोक्यावर हात ठेवून, डोळे मिटून मोठ्यानं प्रार्थना केली होती: प्रभो, हिच्या आयुष्यात काही लपलेलं पाप असेल तर ते उजेडात आण. मुलगी हलली नव्हती. हाताखालचं ते डोकं मावशींना आत्ता, या क्षणी, तळहाताला जाणवलं.

शुक्रवारी ड्यूटी संपल्याबरोबर त्या पास्टरांना गाठायला चर्चमध्ये गेल्या. पास्टर मावशींच्या मुलाच्या वयाचे. येऊन दोनच वर्षं झालेली. माणूस मनाचा खरा; कुणी दवाखान्यात पडलं की पहाटे पाचला थर्मास घेऊन हजर. फक्त एक गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली होती: आजचं जग. सध्या ‘पडद्यावरचं पाप’ या विषयावर त्यांची सहा रविवारांची मालिका चालू होती. मोबाइल, सिनेमे, जाहिराती, कपडे, एकत्र राहणारी जोडपी. दर रविवारी मोठ्या पडद्यावर आकडे येत. तरुण पोरं माना खाली घालून ऐकत आणि म्हातारी माणसं माना वळवून तरुण पोरांकडं बघत.

“या, या मावशी. उद्याची तयारी झाली ना?” पास्टर खुर्ची पुढं सरकवत म्हणाले. “या खेपेला सोळा मुली आहेत. आणि पट्टीचं प्रात्यक्षिक कराच हं. माझी अर्ध्या तासाची उपदेशाची टेप विसरतात, पण तुमचा तुकडा विसरत नाहीत.”

“त्याबद्दलच बोलायचं होतं.” मावशींनी पर्स मांडीवर घेतली, खाली ठेवली, परत मांडीवर घेतली. “पास्टर, आपण एवढं सगळं बोलतो. हे करू नका, ते बघू नका. पण जिनं काही केलेलंच नाही, जिच्यावर कुणी... जबरदस्ती केली, तिला आपण काय सांगतो?”

पास्टर सावध झाले. “कुणी काही बोललं का तुम्हाला?”

“बोललं.”

“आपल्यातली आहे? नाव सांगा. आपण योग्य ती पावलं उचलू.”

“नाव माझं नाही सांगायला. आणि तो माणूस आता जिवंतही नाही.”

पास्टरांनी कपाळ चोळलं. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. “भयंकर आहे हे, मावशी. पण हा विषय वेगळा आहे. मोठा आहे, नाजूक आहे. तो घ्यायचा तर नीट अभ्यास करून, कुणीतरी तज्ज्ञ बोलावून. पुढच्या वर्षीच्या नियोजनात टाकतो मी. उद्याच्या वर्गात दोन्ही एकत्र केलं तर मुली गोंधळतील. आधीच बाहेरचं जग त्यांना सांगतंय की सगळं चालतं.”

“ती बारा वर्षं गोंधळलेलीच आहे, पास्टर.”

“एका मुलीसाठी आपण शिकवण तर बदलू शकत नाही ना?”

“शिकवण कुठं बदलायची म्हणते मी? पट्टी बदलायची म्हणते.”

पास्टर हसले. मोठ्या माणसाच्या हट्टाला हसावं तसं. मग दोघांनी मिळून प्रार्थना केली. पास्टरांनी मावशींसाठी शांती मागितली. मावशींना त्या वेळी शांती नकोच होती.

घरी नवरा जुनी घड्याळं उघडून बसला होता. दुकान बंद करून पाच वर्षं झाली तरी लोक घरी आणून देत. मावशींनी त्याला नाव-गाव वगळून सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, डोळ्यावरचं भिंग काढलं नाही.

“उद्या आजारी पड,” तो म्हणाला. “एवढी लोकांची सर्टिफिकेटं लिहून घेतेस, एक स्वतःचं घे.”

“मी नाही गेले तर पास्टरबाई घेतील वर्ग. त्यांनाही येतं ते. मीच शिकवलंय.”

“मग जा, आणि नेहमीचं आटपून ये. एक वर्षानं तू रिटायर होणार. लोक मान देतात तुला. अठरा वर्षांचं काम एका दिवसात पाण्यात घालायचं?”

“पाण्यात कशाला घालायला हवं? ते आधीच कुठं गेलंय ते कळलं ना काल.” मावशी उठल्या, पुन्हा बसल्या. पंखा वाढवला, कमी केला. “अहो, एक विचारू? तुम्ही कधी काही बोलला नाहीत या वर्गाबद्दल. तुम्हाला काय वाटायचं?”

त्यानं आता भिंग काढलं. “मला वाटायचं, बरंय मी पुरुष आहे. आम्हाला कुणी चिकटपट्टी नाही लावली.”

तो चेष्टेनं म्हणाला की खरं, हे मावशींना लग्नाच्या तेहतीस वर्षांत कधी ओळखता आलं नव्हतं, आणि त्या दिवशीही आलं नाही.

शनिवारी सकाळी त्या अर्धा तास आधी ड्रेसिंग रूममध्ये हजर झाल्या. मलम, जाळी, बँडेज मांडून ठेवलं. आठ वाजले, नऊ वाजले. रांगेतली प्रत्येक सावली दारात आली की त्या मान वर करत. दहा वाजता त्यांनी वॉर्डबॉयला बाहेर जाऊन बघायला लावलं. इस्त्रीवाली आली नाही. भाजलेल्या जखमेला परवा बांधलेली पट्टी तशीच राहिली तर काय होतं, ते मावशींना माहीत होतं. तरी त्यांना काळजी जखमेची वाटत नव्हती. ती आता कधीच येणार नाही, याची वाटत होती.

दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत सोळा मुली गोलाकार बसल्या होत्या. मागं भिंतीला लागून तीन आया, आणि त्यांच्या शेजारी पास्टरबाई वही-पेन घेऊन. मावशी आत आल्या तशी एका बोलघेवड्या मुलीनं बाही कोपरापर्यंत सारली.

“मावशी, पाचवी मी होणार हं. माझी ताईपण झाली होती.”

मुली फिदीफिदी हसल्या. मावशींना तिची ताई आठवली. खाली मान घालून बसणारी, लग्न होऊन लांब गेलेली.

“आज पट्टी नाही,” त्या म्हणाल्या.

“ऑऽऽ,” करून सगळ्या हिरमुसल्या. पास्टरबाईंनी वहीतून डोकं वर काढलं.

मावशींनी खुर्चीची पाठ धरली. ठरवून आणलेलं पहिलं वाक्य कुठं गेलं ते कळेना, म्हणून जे आलं ते बोलल्या.

“मुलींनो, मी अठरा वर्षं हा वर्ग घेतेय. लग्नापर्यंत थांबा, असं मी सांगत आले. आजही तेच सांगते. मला ते पटतं, मी तसं जगले. पण ते सांगायला मी जी पट्टी वापरली, ती चुकीची होती. ती माझी चूक. देवाची नाही, बायबलच्या वचनाची नाही, माझी.”

मागच्या आया एकमेकींकडं बघू लागल्या.

“मी नर्स आहे. रोज पन्नास माणसांना हात लावते. माणसाचं अंग पट्टीसारखं नसतं. ते भाजतं, फाटतं, पिकतं, आणि भरूनही येतं. ते एवढं माहीत असून मी इथं येऊन तुम्हाला सांगत राहिले की एकदा हात लागला की मुलगी संपली. आता नीट ऐका. मी आज ‘ती गोष्ट’ वगैरे म्हणणार नाही, वॉर्डात बोलते तसं बोलणार आहे. तुमच्या मर्जीविरुद्ध कुणी तुमच्या अंगाला हात लावला, मग तो काका असो, मामा असो, शिक्षक असो, चर्चमधला कुणी असो, तर ते पाप त्याचं. सगळंच्या सगळं त्याचं. त्यातली पावली काय, आणाही तुमचा नाही. तुम्ही आधी होतात तेवढ्याच आहात.”

“अहो मावशी,” मागून एक आई अर्धवट उठली. “असले विषय मुलींसमोर? काका-मामा काय काढताय?”

“मुलींसमोर नाही काढायचे तर कुणासमोर काढायचे, सांगा.”

“आम्ही इथं चांगलं ऐकायला पाठवतो मुलींना.”

पास्टरबाई मऊ आवाजात म्हणाल्या, “मावशी, मुद्दा कळला. पण मुलींना असं नको वाटायला की काहीही केलं तरी चालतं. चुकून पडणाऱ्याही असतात.”

“असतात. त्यांनाही सांगते.” मावशी आता पास्टरबाईंकडं नव्हे, मुलींकडं बघत होत्या. “स्वतःहून चुकलीस, तर चूक म्हण, माफी माग, ऊठ. आपण दर रविवारी हेच म्हणतो ना, की उठता येतं? खोटं बोलणाऱ्याला येतं, दारू पिणाऱ्याला येतं. फक्त मुलींच्याच बाबतीत मी कचऱ्याचा डबा का आणून ठेवला होता, ते माझं मला माहीत नाही.”

सोळांपैकी कुणीही हसत नव्हतं. बोलघेवडीनं बाही खाली ओढून घेतली होती.

“आणि पाचवी मुलगी मी कशी निवडायचे, तेही सांगते. सगळ्यांत गप्प असेल तिला निवडायचे. ती उलट बोलणार नाही म्हणून. ती गप्प का आहे, हे मी एकीलाही विचारलं नाही. छत्तीस जणी झाल्या.”

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. पुढचं दुसऱ्या कुणाचं होतं, आणि ते उधळायचा हक्क त्यांना नव्हता. ती आई तोवर आपल्या मुलीचा दंड धरून दारापर्यंत गेली होती. मुलगी जाता जाता मागं वळून बघत होती. उरलेल्यांना मावशींनी कुठं तक्रार करता येते, दवाखान्यात कुणाला भेटायचं, हे फळ्यावर लिहून दिलं. पास्टरबाईंनी ते वहीत उतरवून घेतलं नाही.

संध्याकाळी फोन आला. पास्टर फार आदरानं बोलले. मावशींनी इतकी वर्षं सेवा केली, मंडळी ऋणी आहे, पण थकवा कुणालाही येतो. पुढच्या खेपेपासून वर्ग पास्टरबाई घेतील. “तुम्ही विश्रांती घ्या,” ते म्हणाले. “आणि मावशी, पुन्हा एकदा विचारतो, कोण आहे ती? लोक आता अंदाज बांधायला लागलेत.”

“बांधू देत,” मावशी म्हणाल्या. “छत्तीस जणींचा बांधावा लागेल.”

फोन ठेवल्यावर त्या रडल्या. वर्ग गेला म्हणूनही रडल्या, ते लपवायचं कारण नाही. अठरा वर्षं त्या खोलीत त्यांना मान होता.

रविवारी नवरा सवयीनं दुसऱ्या रांगेत जाऊन बसला. तिथं त्यांच्या दोन जागा ठरलेल्या होत्या. मावशी त्याच्यामागून निघाल्या आणि मधेच थांबल्या. शेवटच्या बाकावर, खांबाआड, इस्त्रीवाली एकटीच बसली होती. आई पुढं गाणाऱ्यांत होती. मावशी वळून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. समोरच्या दोन-चार माना वळल्या, आपापसांत काही बोलणं झालं, माना परत सरळ झाल्या.

“ड्रेसिंगला का नाही आलीस?” मावशींनी दबक्या आवाजात विचारलं.

“घरी केलं.” बँडेज सैल होतं, गाठ नको तिथं आली होती.

“डाव्या हातानं?”

“मग काय, उजव्याला तर भाजलंय.” मग ती म्हणाली, “आईनं सांगितलं काल काय झालं ते. तिला तुमचा फार राग आलाय.”

“आणि तुला?”

“मला तुमचा आधीपासूनच आहे,” ती म्हणाली. मावशींनी मान डोलावली. रागाला जागा होती.

प्रभुभोजनाची वेळ झाली. भाकरीच्या तुकड्यांचं ताट पुढच्या बाकापासून हातोहात मागं येऊ लागलं. प्रत्येक जण एक तुकडा उचलून शेजाऱ्याकडं देत होता. ताट खांबापाशी आलं. इस्त्रीवालीनं ते डाव्या हातानं घेतलं आणि एकही तुकडा न उचलता मावशींच्या पुढं धरलं. ताटाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. इतक्या सवयीनं केलं की हे आजचं नव्हे, हे मावशींना लगेच उमगलं. बारा वर्षं ती आईला घेऊन दर रविवारी येत होती, बसत होती आणि भरलेलं ताट पुढं देत होती. दुसऱ्या रांगेत बसणाऱ्याला शेवटच्या बाकावर काय चालतं ते दिसत नाही.

मावशींनी ताट हातात घेतलं. तापानं फणफणत असतानाही त्यांनी हे कधी चुकवलं नव्हतं. लहानपणी शिकलेलं त्यांना आठवलं, की कुणाचं आपल्याविरुद्ध काही असेल तर आधी त्याच्याकडं जायचं, मग देवाकडं. त्यांनी बोटं तुकड्यांपर्यंत नेली आणि मागं घेतली. मग ते ताट त्यांनी बाकाच्या टोकाशी उभ्या असलेल्या गृहस्थांच्या हातात दिलं.

“मावशी, घ्यायचं राहिलं तुमचं,” ते कुजबुजले.

“राहिलं नाही. घेतलं नाही.”

“बरं नाही का?”

“बरी आहे. तुम्ही जा पुढं.”

गृहस्थ गोंधळून तसेच उभे राहिले. पुढच्या रांगांतून माना वळायला लागल्या. गाणाऱ्यांत उभ्या असलेल्या आईनं इकडं पाहिलं. दुसऱ्या रांगेतून नवऱ्यानंही पाहिलं.

“हे कशाला?” इस्त्रीवाली दात आवळून म्हणाली. “सगळे बघतायत.”

“बघू देत. तुझ्याकडं बघत होते तेव्हा मी पुढं बसले होते.”

“मी काही तुम्हाला माफबिफ केलेलं नाही.”

“माहितीये मला. घाई नाही.”

खूप वेळानं तिनं बाकावर मध्ये ठेवलेली आपली पिशवी उचलून पायाशी ठेवली. पुढं गाणं सुरू झालं, सगळं चर्च उठून उभं राहिलं, आणि शेवटच्या बाकावर त्या दोघी बसूनच राहिल्या.